लघवीच्या तपासणीतून अल्झायमर? रिपोर्ट वाचताना या चुका टाळा

‘लघवीवरून अल्झायमर ओळखता येणार’ अशी बातमी अधूनमधून झळकते. घरात कुणी विसरायला लागलं असेल तर लगेच लॅबची चौकशी सुरू होते. बातमी खोटी नसते. फॉर्मिक आम्ल, ८-ओएचडीजी, एडी७सी-एनटीपी नावाचं प्रथिन असे काही पदार्थ अल्झायमरच्या रुग्णांच्या लघवीत जास्त आढळल्याचे अभ्यास आहेत. पण निदानाच्या आंतरराष्ट्रीय निकषांत त्यांतल्या एकालाही अजून जागा नाही. का, ते पुढच्या चुकांवरून कळेल.

सर्वात मोठी चूक म्हणजे रिपोर्टवरचा आकडा जसाच्या तसा खरा मानणं. पाणी जास्त प्यायलं की लघवी पातळ होते, कमी प्यायलं की दाट. म्हणून बायोमार्करला, म्हणजे आजाराची खूण मानलेल्या पदार्थाच्या आकड्याला, लघवीतल्या क्रिएटिनिन या टाकाऊ पदार्थाच्या आकड्याने भागतात. इथेच गोम आहे. क्रिएटिनिन येतं स्नायूंमधून आणि वयानुसार स्नायू झडतात. समजा, दोघांच्या एक लिटर लघवीत मार्कर २० एकक आहे. धडधाकट माणसाचं क्रिएटिनिन १ ग्रॅम, तर कृश वृद्धेचं अर्धा ग्रॅम. भागाकार करा: एकाचा २०, दुसरीचा ४०. मेंदूत काडीचाही फरक नसताना रिपोर्टमध्ये दुप्पट! त्यात अल्झायमरमध्ये वजनही घटतं, म्हणजे ही चूक नेमकी आपल्याला ‘अपेक्षित’ असलेल्या दिशेनेच होते. त्यामुळे भागाकाराबरोबर मूळ आकडा, क्रिएटिनिन आणि मूत्रपिंडाची कार्यक्षमता दाखवणारा ईजीएफआर बघितल्याशिवाय कोणताही निष्कर्ष काढू नये. शिवाय ८-ओएचडीजी हे पेशींच्या झिजेचं चिन्ह आहे. ते धूम्रपानाने वाढतं, मधुमेहातही वाढलेलं दिसतं. ते मेंदूतूनच आलं, असं कोणी सांगू शकत नाही.

‘अचूकता ९० टक्के’ या शब्दांनी भुलणं ही दुसरी चूक. हजार ज्येष्ठांपैकी ५० जणांना खरोखर आजार आहे असं धरू. चाचणी आजारी आणि निरोगी दोघांनाही ९० टक्के वेळा बरोबर ओळखते. मग ५० पैकी ४५ सापडतील, पण उरलेल्या ९५० निरोगी लोकांपैकी ९५ जणही ‘पॉझिटिव्ह’ ठरतील. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या तिघांतले दोघे निरोगी. सरसकट तपासणीचा आग्रह धरणाऱ्यांनी हे गणित एकदा कागदावर मांडून बघावं.

नमुन्याबाबत थोडक्यात: लघवी तासन्‌तास उन्हात किंवा गाडीत पडू देऊ नका, आणि दोन वेळच्या रिपोर्टची तुलना करायची असेल तर दोन्ही नमुने दिवसाच्या एकाच वेळचे हवेत.

आता घरोघरी होणारा घोळ. आजी परवापर्यंत ठीक होत्या आणि आज माणसं ओळखत नाहीत, तर हा बहुधा अल्झायमर नव्हे. तो वर्षानुवर्षं हळूहळू वाढतो. एक-दोन दिवसांत आलेला भ्रमिष्टपणा म्हणजे डिलिरियम. संसर्ग, पाण्याची कमतरता, नवं औषध अशी त्याची कारणं असतात आणि त्यासाठी त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. पण उलटी चूकही तितकीच सर्रास होते: लघवीच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीत, जंतू दिसले की अँटिबायोटिक सुरू. वृद्धांच्या लघवीत काही त्रास नसतानाही जंतू सापडतात. ताप नाही, जळजळ नाही, तर गोंधळाचं खापर जंतूंवर फोडून खरं कारण शोधायचं राहून जातं.

स्मरणशक्तीच्या चाचणीचंही तेच. मोका चाचणीत ३० पैकी २६ आणि त्यावर गुण सामान्य मानतात, पण चष्मा घरी राहिला किंवा कानाचं यंत्र बंद असलं तरी गुण घसरतात. आजारपणात ही चाचणी करूच नये.

विसराळूपणासाठी आधी बी१२, थायरॉइड, नैराश्य आणि चालू औषधं तपासा. त्यानंतर गरज वाटल्यास मेंदूचं स्कॅन, पाठीतल्या पाण्याची तपासणी किंवा रक्तातलं पी-टाऊ२१७. या प्रथिनावर आधारलेल्या रक्तचाचणीला अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने मे २०२५ मध्ये परवानगी दिली, तीही लक्षणं असलेल्या लोकांसाठी.

लघवीबद्दल डॉक्टरांना सांगायलाच हव्यात अशा दोन गोष्टी मात्र संकोचापोटी लपवल्या जातात. लघवी वारंवार होते म्हणून ऑक्सिब्युटिनिनसारखी गोळी चालू असेल, तर ती स्वतःच विसरभोळेपणा वाढवू शकते. आणि विसरण्यासोबत लघवीवरचा ताबा जाऊन पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल झाली असेल, तर मेंदूत पाणी साठल्याची शंका घ्यावी लागते. त्यावर शंटची, म्हणजे हे पाणी नळीने वळवण्याची, शस्त्रक्रिया करता येते.