वारंवार लागणारा चेक इंजिन दिवा: जुन्या पोर्शे बॉक्स्टरमधील दोष पायरीपायरीने कसा शोधावा

स्कॅनर लावून कोड, म्हणजे गाडीच्या संगणकाने नोंदवलेला दोषाचा क्रमांक, पुसावा, दिवा विझावा आणि आठवड्याभरात तो पुन्हा लागावा, हा प्रकार जुनी स्पोर्ट्स कार बाळगणाऱ्यांना नवा नाही. अशा वेळी एखादा सेन्सर बदलून पाहण्याचा मोह होतो, त्यावर बरेच पैसे खर्च होतात आणि दिवा मात्र परत येतोच. वास्तविक दिवा पुन्हा पुन्हा लागत असेल तर तपास सोपा व्हायला हवा, कारण दोष ठरावीक परिस्थितीत परत येत असतो आणि ती परिस्थिती गाडीचा संगणक नोंदवून ठेवत असतो. कोड पुसला की ती नोंदही पुसली जाते. म्हणून या लेखातील सर्व पायऱ्यांत कोड पुसण्याची पायरी अगदी शेवटी येते.

उदाहरणासाठी १९९६ ते २००४ या काळात तयार झालेली पहिल्या पिढीची पोर्शे बॉक्स्टर, म्हणजे ९८६ मॉडेल, घेतली आहे. अमेरिकेत आणि युरोपात जुन्या गाड्यांच्या बाजारात ही गाडी तुलनेने सहज मिळते, त्यामुळे तिकडे राहणारे हौशी मराठी वाचकही तिच्या वाटेला जातात. तिचे सहा सिलिंडरचे आडवे इंजिन सीटांच्या मागे, मागील चाकांच्या पुढे बसवलेले आहे, आणि त्याभोवतीच्या रबरी व प्लॅस्टिकच्या नळ्यांचे वय आता वीस वर्षांहून अधिक आहे. तपासाची रीत मात्र कोणत्याही पेट्रोल गाडीला लागू पडते.

एक सूचना सर्वांत आधी. दिवा स्थिर असेल तर गाडी सावकाश घरी नेता येते. तो लुकलुकत असेल तर सिलिंडरमध्ये मिसफायर होत आहे, म्हणजे पेट्रोल नीट पेटत नाही, आणि न जळलेले पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापून निकामी होण्याचा धोका आहे. अशा वेळी वेग कमी करून, सुरक्षित जागा पाहून इंजिन बंद करावे.

पहिली पायरी: वाचावे, लिहून घ्यावे, पुसू नये

स्कॅनर जोडण्याचे सोळा पिनांचे सॉकेट चालकाच्या बाजूला डॅशबोर्डखाली असते. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून प्रत्येक गाडीत ते सक्तीचे आहे. मोबाइलशी जोडता येणारा साधा स्कॅनर सुरुवातीला पुरतो, मात्र तो केवळ कोड न दाखवता चालू इंजिनाची आकडेवारीही दाखवणारा असावा. पी० ने सुरू होणाऱ्या कोडचा अर्थ सर्व कंपन्यांच्या गाड्यांत एकच असतो. पी१ ने सुरू होणारे कोड कंपनीचे स्वतःचे असतात, त्यामुळे त्यांचा अर्थ पोर्शेच्याच यादीत पाहावा. सर्वसाधारण ॲप पी१ कोडचा अर्थ दुसऱ्याच कंपनीच्या यादीतून उचलून दाखवते आणि मालक भलत्याच सेन्सरच्या मागे लागतो.

कायम झालेले कोड, प्रलंबित कोड आणि फ्रीझ फ्रेम हे तिन्ही वहीत उतरवावे. दोषाची नोंद झाली त्या क्षणी इंजिनाचे फेरे, कूलंटचे तापमान, गाडीचा वेग, इंजिनावरील भार आणि फ्युएल ट्रिम (पेट्रोलच्या प्रमाणातील दुरुस्ती, पाहा तिसरी पायरी) किती होते, हे फ्रीझ फ्रेममध्ये साठवलेले असते. इंजिन गरम, वेग शून्य आणि फेरे सातशेच्या आसपास, अशी नोंद असेल तर दोष आयडलिंगला, उदाहरणार्थ सिग्नलवर उभे असताना, उमटला हे उघड आहे. महामार्गावर गाडी पळवून तो शोधण्यात अर्थ नाही.

दुसरी पायरी: दिवा किती दिवसांनी परतला हे पाहावे

मेकॅनिक हा प्रश्न क्वचितच विचारतात, आणि माझ्या मते कोडच्या खालोखाल तोच सर्वांत उपयोगी आहे. बरेचसे दोष एकदा आढळून दिवा लागत नाही. पहिल्या वेळी कोड प्रलंबित म्हणून साठतो आणि पुढच्या प्रवासात तोच दोष पुन्हा दिसला तरच दिवा लागतो. पुढे सलग तीन प्रवासांत दोष आढळला नाही तर दिवा आपोआप विझतो, परंतु कोड स्मृतीत त्यानंतरही बराच काळ राहतो. म्हणजे दिवा विझला याचा अर्थ दोष गेला असा होत नाही.

याआधी कोणी कोड पुसला असेल आणि चावी फिरवताच किंवा पहिल्या काही मिनिटांत दिवा परतला असेल, तर बहुधा विद्युत दोष आहे: तुटलेली तार, गंजलेला कनेक्टर किंवा पूर्ण मेलेला सेन्सर. दोन-चार दिवसांच्या वापरानंतर तो परतत असेल तर हवा आणि पेट्रोलच्या मिश्रणाकडे पाहावे, कारण संगणक आधी मिश्रण सावरण्याचा प्रयत्न करतो आणि सावरण्याची मर्यादा संपली की मगच तक्रार नोंदवतो. दिवा काही आठवड्यांनी, गाडी रात्रभर थंड राहिल्यावर आणि टाकी ना भरलेली ना रिकामी अशी असताना येत असेल, तर पेट्रोलच्या वाफेची गळती शोधावी. ती चाचणी संगणक अशाच परिस्थितीत घेतो. रविवारी तासभर बाहेर काढल्या जाणाऱ्या स्पोर्ट्स कारमध्ये हे सगळे आणखी लांबते, शिवाय उभ्या उभ्या कमकुवत झालेली बॅटरी भलतेच कोड उभे करते. म्हणून पुढे जाण्यापूर्वी बॅटरीचा दाब मोजावा: इंजिन बंद असताना सुमारे १२.६ व्होल्ट, चालू असताना साधारण १३.५ ते १४.५.

तिसरी पायरी: फ्युएल ट्रिम दोन वेगांवर तपासावी

धुरातील ऑक्सिजन मोजणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरच्या सांगण्यावरून संगणक पेट्रोल किती टक्के वाढवत किंवा घटवत आहे, हे फ्युएल ट्रिम सांगते. तात्पुरती आणि दीर्घकालीन ट्रिम मिळून उणे १० ते अधिक १० टक्क्यांच्या आत असेल तर साधारणपणे चिंता नसते. त्याहून बरीच अधिक असेल तर मिश्रण लीन आहे, म्हणजे पेट्रोलच्या मानाने हवा जास्त होत आहे.

इंजिन पूर्ण गरम झाल्यावर आधी आयडलिंगला आणि नंतर २५०० फेऱ्यांवर ट्रिम पाहावी. आयडलिंगला ती मोठी आणि फेरे वाढवल्यावर शून्याकडे येत असेल, तर कोठूनतरी न मोजलेली हवा आत शिरत आहे. इंजिन थोडी हवा ओढत असताना तेवढ्याच चिरेचा परिणाम अधिक जाणवतो. याउलट भार वाढेल तशी ट्रिमही वाढत असेल तर हवा मोजणारा मास एअर फ्लो सेन्सर कमी मोजत आहे किंवा पेट्रोलचा दाब अपुरा आहे. दोन्ही बाजूंच्या सिलिंडरांत हेच चित्र दिसल्यास कारण सामाईक समजावे, आणि एकाच बाजूला दिसल्यास त्या बाजूचा ऑक्सिजन सेन्सर, इनटेकची (इंजिनात हवा नेणाऱ्या मार्गाची) गळती किंवा सायलेन्सरकडे जाणाऱ्या पाइपचा जोड पाहावा. बाजू ठरवताना जपावे: बॉक्स्टरचे इंजिन पोर्शेच्याच ९११ या गाडीच्या तुलनेत उलट्या दिशेने बसवलेले आहे, त्यामुळे ९११ च्या आकृत्या पाहून काम केल्यास डावे-उजवे हमखास चुकते.

चौथी पायरी: पी११२८ आणि पी११३० एकत्र आल्यास

२००० पासूनच्या ९८६ गाड्यांत ही जोडी वरचेवर दिसते. दोन्ही बाजूंना आयडलिंगचे मिश्रण लीन असून ते सावरण्याची मर्यादा गाठली गेली आहे, असा तिचा अर्थ आहे. पुष्कळ मालक हे वाचून दोन-चार ऑक्सिजन सेन्सर मागवतात. दोन स्वतंत्र सेन्सर एकाच दिवशी एकाच प्रकारे बिघडण्याची शक्यता फार कमी असते, आणि लीन मिश्रणाची खबर देणारा सेन्सर तर आपले काम चोख करत असतो.

प्रथम ऑइल भरण्याची नळी तपासावी. तिचे तोंड मागच्या डिकीत आहे आणि पुढचा भाग वळ्यावळ्यांचा आहे. प्लॅस्टिक कडक होऊन वळ्यांच्या खोबणीत चीर पडते, जी नळी हाताने वाकवल्याशिवाय दिसत नाही. त्या चिरेतून शिरलेली हवा इंजिनाच्या पोटातून इनटेकमध्ये पोहोचते आणि ती कोणीच मोजलेली नसते. झाकणाचे रबरी सीलही याच वेळी पाहून घ्यावे.

त्यानंतर एअर ऑइल सेपरेटर, म्हणजे इंजिनाच्या पोटातील वाफेतून ऑइल वेगळे काढणारा भाग. त्यातील पडदा फाटला की इंजिनाच्या पोटात अतिरिक्त निर्वात तयार होतो. आयडलिंगला ऑइलचे झाकण उघडून पाहावे: हलकीशी ओढ जाणवणे स्वाभाविक आहे, परंतु झाकण उचलायला जोर लागत असेल तर सेपरेटर गेला असे समजावे. सोबत सायलेन्सरमधून पांढऱ्या धुराचे लोट येत असतील तर गाडी चालवणे थांबवावे, कारण इनटेकमध्ये जास्त ऑइल साचून इंजिनाचे गंभीर नुकसान होऊ शकते.

इनटेकवरील रबरी बूट, म्हणजे जोडनळ्या, आणि त्यांचे क्लॅम्पही तपासावे. आधीच्या दुरुस्तीत एखादा सैल राहिलेला असणे मुळीच दुर्मीळ नाही. गळती शोधण्यासाठी गरम इंजिनावर ज्वालाग्राही स्प्रे मारण्याची जुनी युक्ती काहीजण सांगतात. बॉक्स्टरच्या अरुंद इंजिनकक्षात ती करू नये, आग लागण्याचा धोका खरा आहे. गॅरेजमध्ये अगदी कमी दाबाने धूर सोडून करायची स्मोक टेस्ट सुरक्षित असते आणि खात्रीचीही.

हे सर्व ठीक निघाले तरच मास एअर फ्लो सेन्सरकडे वळावे. तो सुरक्षा-टॉर्क्स प्रकारच्या स्क्रूंनी बसवलेला असतो, त्यामुळे योग्य पाना आधी आणावा. इंजिन बंद ठेवून, त्याच सेन्सरसाठी मिळणाऱ्या स्प्रेने तो साफ करावा आणि आतील बारीक घटकाला बोट किंवा कापड लावू नये. ऑइल लावून वापरायचा कापडी एअर फिल्टर गाडीत असेल, तर त्याचे ऑइल सेन्सरवर चढलेले असू शकते.

इतर कोड थोडक्यात

पी०३०१ ते पी०३०६ हे त्या त्या सिलिंडरचे मिसफायर कोड आहेत. तक्रार असलेल्या सिलिंडरची इग्निशन कॉइल दुसऱ्या सिलिंडरवर लावावी. पी०३०३ चा पुढच्या वेळी पी०३०५ झाला, तर दोष कॉइलबरोबर गेला. पी०४४२ किंवा पी०४५५ हे वाफेच्या गळतीचे कोड आल्यास पेट्रोलच्या टाकीचे झाकण आणि त्याचे सील आधी पाहावे, नंतर वाफेच्या नळ्या आणि वाफ इंजिनात सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह. पंपावर नोझल एकदा आपोआप बंद झाल्यावर आणखी पेट्रोल भरण्याची सवय मोडावी. त्यामुळे वाफ शोषणारा कोळशाचा डबा ओला होतो. पी०४२० हा कन्व्हर्टर नीट काम करत नसल्याचा कोड आल्याबरोबर महागडा कन्व्हर्टर बदलू नये. सायलेन्सर किंवा हेडर (इंजिनातून धूर बाहेर नेणारे पाइप) बदललेले असल्यास तेथील गळती आणि मिसफायर आधी निकालात काढावे.

शेवटची पायरी: दुरुस्ती पडताळणे

आता कोड पुसावा. पुसताच संगणकाच्या अंतर्गत चाचण्याही अपूर्ण स्थितीत जातात, आणि स्कॅनरवर त्या रेडिनेस मॉनिटर या नावाखाली दिसतात. त्या सर्व पूर्ण होईपर्यंत दिवा विझलेला असण्याला काही किंमत नाही. पहिल्या एक-दोन प्रवासांनंतर प्रलंबित कोड आणि फ्युएल ट्रिम पुन्हा वाचावी. ट्रिम शून्याच्या जवळ स्थिरावली असेल तर मिश्रणाचा दोष गेल्याचे दिवा परतण्याची वाट न पाहताही कळते. वाफेच्या गळतीची चाचणी बहुधा सर्वांत उशिरा पूर्ण होते, म्हणून टाकी अर्ध्याच्या आसपास ठेवून गाडी रात्रभर थंड होऊ द्यावी आणि सकाळी शांतपणे चालवावी. कॅलिफोर्नियातील वाचकांनी स्मॉग तपासणीच्या, म्हणजे सक्तीच्या प्रदूषण तपासणीच्या, आदल्या दिवशी कोड पुसू नये: तेथे २००० आणि त्यानंतरच्या पेट्रोल गाड्यांना केवळ वाफेच्या गळतीची चाचणी अपूर्ण असण्याची सवलत आहे, बाकी एकही मॉनिटर अपूर्ण असला तर गाडी नापास होते.