मार्ककृत शुभवर्तमान कसे वाचावे

संपूर्ण पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वर्षभरात वाचून संपवण्याचे तक्ते आता सहज मिळतात. रोज तीन-चार अध्याय वाचत गेल्यास ग्रंथ संपतो खरा. परंतु लेवीय या तिसऱ्या पुस्तकापर्यंत पोहोचेतो अनेकांचा उत्साह ओसरतो, आणि ज्यांचा टिकतो त्यांनाही काल काय वाचले हे सांगता येईलच असे नाही. ज्यांना आध्यात्मिक समज वाढवायची आहे, त्यांनी एकच पुस्तक निवडून काही महिने त्यातच राहावे, आणि ते मार्ककृत शुभवर्तमान असावे, असे मी सुचवीन. येशूचे जीवन सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांत ते सर्वांत लहान, 16 अध्यायांचे आहे. शिवाय खुद्द शिष्यांनाच येशूचे बोलणे वारंवार उमगत नाही, ही गोष्ट मार्क कुठेही झाकून ठेवत नाही.

पहिले वाचन एकाच बैठकीत आणि शक्यतो मोठ्याने करावे. त्याला सुमारे दीड तास लागतो. मार्कच्या काळातील बहुतेक लोकांनी हे पुस्तक वाचले नव्हते, तर ऐकले होते. अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकातील आहे आणि नव्या करारातील वचनांचे आजचे क्रमांक 1551 मध्ये रोबेर एस्तियेन या मुद्रकाने घातले, त्यामुळे वाचताना या आकड्यांपाशी थांबण्याची गरज नाही. या वेळी काही टिपूही नये.

त्यानंतर रोज एकच प्रसंग घ्यावा. बाराव्या शतकातील गिगो नावाच्या, कार्थुसियन या कॅथलिक संघातील मठवासीयाने वाचन, मनन, प्रार्थना आणि चिंतन अशा चार पायऱ्या सांगितल्या आहेत. कॅथलिक परंपरेत त्या परिचित आहेत आणि प्रोटेस्टंट वाचकानेही त्या परक्या मानण्याचे कारण नाही. माझ्या मते आपली चूक बहुधा दुसऱ्या पायरीवर होते. वाचन होताच ‘यातून मला काय बोध?’ असे आपण विचारतो, आणि प्रसंगात नेमके काय घडले हे पाहायचे राहून जाते. म्हणून तोच उतारा दोनदा वाचावा. कोण बोलतो, कोण गप्प राहतो, प्रश्न कोणाचा आहे आणि त्याला उत्तर मिळते की नाही, हे आपल्या शब्दांत वहीत लिहावे, आणि मगच प्रार्थनेकडे वळावे. जे कळले नाही ते प्रश्न म्हणून तसेच लिहून ठेवावे.

या रीतीचा खरा लाभ आठव्या ते दहाव्या अध्यायांत दिसतो. डोळे असून तुम्हांला दिसत नाही काय, असे येशू शिष्यांना विचारतो, आणि लगेच बेथसैदा येथे एका आंधळ्याला आणले जाते. येशूने हात ठेवल्यावर त्याला माणसे दिसतात, पण चालत्या झाडांसारखी. दुसऱ्यांदा हात ठेवल्यावरच त्याला स्पष्ट दिसू लागते. हा चमत्कार असा दोन टप्प्यांत का व्हावा, हा प्रश्न मनात ठेवून पुढे वाचावे. पुढच्याच प्रसंगात, फिलिप्पाच्या कैसरियाकडे जाताना, तू ख्रिस्त आहेस असे पेत्र म्हणतो. परंतु ख्रिस्ताला दुःख सोसून मरावे लागेल हे ऐकताच तो येशूचाच निषेध करू लागतो. पेत्रालाही दिसले आहे, पण अर्धवट.

यापुढे येशू आपल्या मरणाविषयी आणखी दोनदा सांगतो. एकदा त्यानंतर शिष्यांचा आपल्यात मोठा कोण हा वाद उघडा पडतो, तर दुसऱ्यांदा जब्दीचे मुलगे, म्हणजे याकोब आणि योहान हे शिष्य, येशूच्या गौरवात उजवीकडच्या आणि डावीकडच्या जागा मागतात. मी तुमच्यासाठी काय करावे, असे येशू त्या दोघांना विचारतो, आणि थोड्याच वेळाने यरीहोबाहेर आंधळ्या बार्तिमयालाही तो हाच प्रश्न करतो. बार्तिमय दृष्टी मागतो आणि ती मिळताच येशूच्या मागे चालू लागतो. ही दोन उत्तरे वहीत शेजारी शेजारी लिहावीत, आणि त्या दिवशीच्या प्रार्थनेत आपले मागणे त्यांपैकी कोणत्या बाजूचे आहे हे तपासावे.

एखादा प्रसंग अडला तर त्याच्या मागेपुढे पाहावे. याईराच्या मुलीच्या कथेत मध्येच रक्तस्रावी स्त्रीची कथा येते; मुलगी 12 वर्षांची आहे आणि ती स्त्रीही 12 वर्षे आजारी आहे, तेव्हा त्या दोन्ही एकत्रच वाचाव्यात. जुन्या कराराचा धागा आढळला की मूळ स्थळ पूर्ण वाचावे. वधस्तंभावरचा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास, हा आक्रोश बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ आहे, आणि ते स्तोत्र शेवटी स्तुतीकडे वळते. सुटी वचने भिंतीवर टांगण्याची आपली सवय येथे आड येते, हे थोडे कटू असले तरी सांगायला हवे. यिर्मया 29:11 मधील आशेचे वचन आपण परीक्षेच्या निकालापूर्वी एकमेकांना पाठवतो. त्याच्या आधीचे वचन मात्र बाबेलात बंदिवान असलेल्यांना सत्तर वर्षे पुरी होण्याची वाट पाहायला सांगते.

भाषांतरे दोन असावीत. रोजच्या वाचनातल्या प्रतीबरोबर पंडिता रमाबाईंनी केलेले आणि 1924 मध्ये प्रसिद्ध झालेले भाषांतर मिळाल्यास अडलेल्या जागी ते अवश्य पाहावे. आठवड्यातून एकदा वहीतले प्रश्न घेऊन दोघा-तिघांनी एकत्र बसावे. नव्या करारातील प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात एक कूशी अधिकारी यशया संदेष्ट्याचे पुस्तक वाचत होता, आणि कोणी मार्ग दाखवल्याशिवाय मला कसे समजेल, असे त्याने फिलिप्प या ख्रिस्ती प्रचारकाला मोकळेपणाने विचारले. पाळकांना किंवा फादरांना असे विचारण्यात संकोच नसावा.

सर्वांत जुन्या उपलब्ध हस्तलिखितांत मार्कचे पुस्तक 16:8 येथे, कबरेपासून पळणाऱ्या स्त्रियांच्या भयापाशी संपते. पुढची वचने बहुतेक प्रतींत टीप देऊन छापलेली असतात. तीही वाचावीत, पण आधी आठव्या वचनापाशी दोन-तीन दिवस थांबावे. त्यानंतर लूक आणि प्रेषितांची कृत्ये सलग घ्यावीत, कारण दोन्ही थियफिल नावाच्या एकाच व्यक्तीला उद्देशून लिहिलेली आहेत. प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकाची घाई करू नये; जुन्या करारातील दानीएल आणि यहेज्केल वाचून झाल्यावर ते हाती घेतले तरी चालेल.