म-सां, म-नि, ग-नि: बेळगावात कीबोर्डवर पोट भरायचं तर

बेळगावात नुसता जॅझ वाजवून घर चालत नाही, हे आधीच सांगतो. पण जॅझचा हात असला की शहापुरातलं भजन, कॅम्पातलं चर्चचं लग्न, निपाणीचा ऑर्केस्ट्रा आणि चोर्ला घाट उतरून गोव्यातलं हॉटेल, सगळीकडून बोलावणं येतं. माझं असंच चाललंय.

आधी अमेरिकन जॅझ पियानोवादक हँक जोन्स ऐका. १९४८ पासून काही वर्षं गायिका एला फिट्झजेराल्डची साथ, १९५९ नंतर बरीच वर्षं सीबीएस या अमेरिकन रेडिओ-टीव्ही कंपनीत पगारी पियानोवादक. १९६२ मध्ये मेरिलिन मन्रोनं केनेडींना वाढदिवसाचं गाणं म्हटलं, तेव्हाही पियानोवर हाच माणूस. गायिका गात असताना तो काय काय वाजवत नाही, तिकडं कान द्या.

आता डावा हात. पांढरी एकला (म्हणजे C ला) सा धरा. जॅझमध्ये सारखी भेटणारी कॉर्डांची (एकत्र दाबायच्या सुरांच्या गटांची) चाल म्हणजे रे मायनर सेवन, प सेवन, सा मेजर सेवन. अख्खे कॉर्ड दाबू नका. पहिल्याला फक्त म आणि सां, दुसऱ्याला म आणि नि, तिसऱ्याला ग आणि नि. बघा, दर वेळी एकच सूर हलतो: आधी सां उतरून नि होतो, मग म उतरून ग. कॉर्डांचे मूळ सूर (इथं रे, प, सा) बास गिटारवाल्याचे, त्याच्या ताटात हात घालू नका. बास नसेल तर डाव्या हातानं मूळ सूर आणि उजव्यानं ही जोडी.

हेच बाराही पट्ट्यांत बसवा. आपल्याकडं गायक 'काळी एक' म्हणतो, आणि तबला लावून झाला की 'पांढरी एकच बरी' म्हणतो. कीबोर्डवरचं पट्टी बदलणारं ट्रान्सपोजचं बटण खुशाल वापरा, त्यात लाज कसली? पण चर्चमधल्या खऱ्या पियानोला ते बटण नसतं. तिथं स्टाफ नोटेशनही (पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी) वाचता यायला हवं.

भजनात मात्र हा जॅझ आवरा. भूप रागात म आणि नि वर्ज्य, म्हणजे वरच्या धड्यातली मधली जोडी नेमकी नको तीच. साध्या मेजर-मायनर कॉर्डांपैकी सा-ग-प आणि ध-सा-ग एवढेच पूर्ण भूपातले. तेवढ्यावर अभंग छान निघतो. पेटीवाला बसला असेल तर तेही कमी करा. हार्मोनियमवादक रामभाऊ विजापुऱ्यांच्या गावात पेटीवर कुरघोडी केलेली लोकांना खपत नाही, आणि बरोबरच आहे.

कन्नड बोलता येत नसलं तरी दासरपदांची (कन्नड हरिदास संतांच्या भक्तिगीतांची) ध्रुवपदं पाठ असू द्यात. ओळ कुठं संपते ते कळलं नाही तर दोन ओळींमध्ये वाजवायची तुमची भरावाची जागा गायकाच्या शब्दांवर पडते.

स्टुडिओसाठी मेट्रोनोम (लयीचा ठोका देणारं यंत्र) सावकाश लावा आणि त्याचा ठोका दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर पडतोय असं धरून वाजवा. सुरुवातीला चिडचिड होते.

बिदागी, गाडीभाडं, रात्रीचं जेवण फोनवरच ठरवा. घाट उतरायचा असेल तर मुक्कामही. मे महिन्यात लग्नाच्या तारखा एकमेकींवर येतात, तेव्हा आधी ज्याला हो म्हटलं त्याचीच तारीख. सस्टेन पेडल, जादा केबल आणि एक्स्टेंशन बोर्ड स्वतःचा न्या, कारण मांडवातला बोर्ड आइस्क्रीमवाल्यानं अडवलेला असतो.