आधी पिक्सेल, मग क्वालिटी: फोटोची फाइल लहान कशी करावी

लक्ष्मी रोडवरच्या साडीच्या दुकानाला वेबसाइटवर पैठण्या टाकायच्या असोत, नाहीतर सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसणाऱ्या मुलाला परीक्षेच्या फॉर्मला फोटो जोडायचा असो, अडचण एकच. मोबाइलने काढलेला फोटो चार-पाच एमबीचा, आणि समोरच्याला हवा त्याच्या दहाव्या हिश्शाइतका किंवा त्याहून लहान. मग माणूस हाताशी असेल ते ॲप उघडतो, क्वालिटी थेट ३० वर आणतो आणि चेहऱ्यावर चौकटी उमटल्या की मोबाइलच्या कॅमेऱ्याला नावं ठेवतो. कॅमेऱ्याचा काही दोष नसतो, कामाचा क्रम उलटा झालेला असतो.

मूळ फाइल मिळवा

व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो वाटेतच दाबला जातो. जेपीजी प्रकारात दर वेळी नव्याने सेव्ह करताना थोडा तपशील टाकून दिला जातो आणि गेलेला तपशील परत येत नाही. त्यामुळे फोटो दुसऱ्याकडून येणार असेल, तर ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ असं आधीच सांगा. मूळ फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि पुढचं सगळं कॉपीवर करा.

लांबी-रुंदी कमी करा

खरी बचत इथे होते. १२ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ४०००×३००० पिक्सेलचा, म्हणजे १ कोटी २० लाख ठिपके. तो १६००×१२०० केला की उरतात १९ लाख २० हजार, मुळाच्या सहाव्या हिश्शाहूनही कमी. मोबाइलवर किंवा लॅपटॉपवर वेबसाइट बघणाऱ्याला बहुतेकदा फरक कळतही नाही, कारण जास्तीचे ठिपके दाखवायला त्याच्या पडद्यावर जागाच नसते.

आधी नको असलेला भाग कापा: मागची भिंत, टेबलाची कड, कोपऱ्यात आलेला हेल्परचा हात. मग आकार बदला. विंडोजच्या पेंटमध्ये ‘रिसाइज’मध्ये जाऊन ‘पिक्सेल’ निवडायचं आणि लांबी-रुंदीचं प्रमाण कायम ठेवण्याची खूण तशीच राहू द्यायची, नाहीतर माणसं चपटी होतात. पेंटमध्ये जेपीजीची क्वालिटी मात्र ठरवता येत नाही, म्हणून पेंटमधून फाइल पीएनजी म्हणूनच सेव्ह करा, जेपीजी पुढच्या पायरीत होईल.

पिक्सेल तेच ठेवून डीपीआयचा (एका इंचात किती ठिपके छापायचे याचा) आकडा ३०० वरून ७२ केल्याने फाइल लहान होत नाही. तो आकडा छपाईसाठी असतो. ए-फोर कागदावर ३०० डीपीआयने छापायचं तर २४८०×३५०८ पिक्सेल लागतात. म्हणून प्रेसला किंवा फ्लेक्सवाल्याला फोटो द्यायचा असेल तर या लेखातलं काहीही करू नका, मूळ फाइलच द्या.

आता क्वालिटी

यासाठी स्क्वूश हे गुगलच्या क्रोम टीमचं मोफत वेब-ॲप सोयीचं आहे. फोटो तुमच्याच ब्राउझरमध्ये लहान होतो, कुठल्या सर्व्हरवर जात नाही. आधारचा किंवा सहीचा फोटो कुठल्याही अनोळखी साइटवर चढवण्यापेक्षा हे बरं. आकार बदलण्याची सोयही त्यातच आहे, त्यामुळे पेंट वगळलं तरी चालेल. पडद्याच्या मधोमध एक रेघ असते: डावीकडे मूळ, उजवीकडे लहान केलेला. ‘मोझजेपीजी’ (जेपीजी बनवण्याचा पर्याय) निवडा, क्वालिटी ८० वर ठेवा, मग रेघ सरकवत सरकवत ७५, ७० असं खाली या. पहिला डाग दिसला की दोन-चार अंक वर सरका आणि थांबा.

डाग कुठे शोधायचा? जेपीजी फोटोचे ८×८ पिक्सेलचे चौकोन पाडतं आणि डोळ्याला सहसा न जाणवणारे बारकावे वगळतं. म्हणून बिघाड आधी दिसतो तो केसांच्या कडेला, आकाशाच्या हलक्या छटांमध्ये आणि अक्षरांभोवती. जरीच्या पदराचं काम वेगळंच. बारीक वीण भरगच्च असल्यामुळे त्याच सेटिंगला पैठणीची फाइल साध्या कॉटनच्या साडीपेक्षा मोठी होते. ते सोसायचं. सगळ्या साड्यांना एकाच केबीत कोंबलं की नेमकी महागडी साडी स्वस्त दिसते.

लाल रंगाकडे विशेष लक्ष द्या. आपला डोळा उजेडातला फरक जितका टिपतो तितका रंगातला टिपत नाही, याचा फायदा घेऊन जेपीजीत रंगाची माहिती बऱ्याचदा निम्म्या बारकाईने साठवतात. एरवी ते खपून जातं, पण हिरव्या अंगावरच्या लाल काठाची कड त्यामुळे विरघळल्यासारखी दिसते. ‘ॲडव्हान्स्ड’ सेटिंगमध्ये क्रोमा सबसॅम्पलिंग बंद केलं की काठ ताळ्यावर येतो, फाइल थोडी वाढते.

फाइलचा प्रकार

फोटोला जेपीजी. स्क्रीनशॉट, लोगो, वेळापत्रक, जिथे सपाट रंग आणि अक्षरं आहेत तिथे पीएनजी. स्क्वूशमध्ये त्याचे रंग २५६ पर्यंत कमी केले तर फाइल बरीच उतरते. स्वतःच्या वेबसाइटसाठी वेबपी हा फाइलचा प्रकार घ्या. तेवढ्याच दर्जाला ती सहसा जेपीजीपेक्षा लहान असते आणि आजचे सगळे प्रमुख ब्राउझर ती दाखवतात. आयफोनवाल्यांनी कॅमेऱ्याच्या फॉरमॅटमध्ये ‘मोस्ट कंपॅटिबल’ निवडावं, म्हणजे फोटो थेट जेपीजीत निघतो. फाइलच्या नावातलं शेपूट हाताने बदलून प्रकार बदलत नाही, एवढं लक्षात असू द्या.

फॉर्मसाठी

‘२० ते ५० केबी’ असं लिहिलेलं असेल तर खालची मर्यादाही खरीच असते. १२ केबीचा फोटोही परत येतो. पिक्सेल दिलेले असतील तर तेच घ्या. दिलेले नसतील तर साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरच्या पासपोर्ट फोटोसाठी ४१३×५३१ पिक्सेल पुरतात. या आकाराला क्वालिटी फारशी न उतरवताही फाइल बहुधा ५० केबीत बसते. सही पांढऱ्या कागदावर, काळ्या पेनने करा आणि तिचा फोटो दिवसाच्या उजेडात काढा. कागदावर सावली पडली तर तिच्यावरच केबी खर्च होतात.

एकदम शेकडो फोटो असतील तर

विंडोजवरचा इरफानव्ह्यू हा फोटो बघण्याचा प्रोग्राम उघडून बी दाबा, बॅचची खिडकी येते. फोटो निवडा, ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये लांब बाजू १६०० ठरवा, जेपीजीची क्वालिटी ८० करा आणि आउटपुटला नवा फोल्डर द्या. एक्झिफ माहिती (फोटोत दडलेली तारीख, कॅमेरा, लोकेशन वगैरे) ठेवण्याची खूणही काढा. काही केबी वाचतात, आणि घरी काढलेल्या फोटोसोबत घराचं लोकेशन जगाला जात नाही. घरगुती वापराला इरफानव्ह्यू फुकट आहे, दुकानासाठी मात्र परवाना घ्यावा लागतो.