केबलचा बॉक्स काढून टीव्हीला कॉम्प्युटर कसा लावावा

टीव्हीखालचा केबलचा बॉक्स काढून तिथे छोटा कॉम्प्युटर बसवायला एक संध्याकाळ पुरते. वायरींचं काम सोपं आहे. डोकं लागतं ते दोन गोष्टींना: रोज बघतो ते चॅनल आता कुठून आणायचे, आणि घरातल्या ज्येष्ठांच्या हाती रिमोट कोणता द्यायचा. नाशिकच्या एमजी रोडवर खरेदीला निघण्याआधी या दोन्हींचा विचार झालेला बरा.

एक गैरसमज आधीच दूर करू. इंटरनेटवर या विषयावरचं बरंचसं लेखन अमेरिकेतलं असतं. तिथे केबल कंपनीकडून 'केबलकार्ड' नावाचं कार्ड मिळायचं. ते ट्यूनरमध्ये, म्हणजे सिग्नल पकडणाऱ्या उपकरणात, घातलं की भाड्याच्या बॉक्सशिवाय कॉम्प्युटरवर केबल दिसायची. कार्ड द्यायची ही सक्ती तिथेही २०२० मध्ये उठली. आपल्याकडे असं कार्ड नाहीच. केबलवाल्याचा सिग्नल कुलूपबंद असतो आणि तो त्याच्याच बॉक्समध्ये उघडतो. कोणताही बॉक्स कोणाकडेही चालावा, अशी शिफारस ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, २०२० मध्ये केली होती, पण शेजारच्या केबलवाल्याचा बॉक्स आपल्याकडे चालत नाही हे तुम्हाला ठाऊक आहेच. त्यामुळे केबलची वायर थेट कॉम्प्युटरला जोडून काही दिसणार नाही. नाशिकमध्ये हे करायचं म्हणजे केबल सोडायची आणि तेच कार्यक्रम दुसऱ्या वाटेने घरात आणायचे.

आठवडाभर टिपण ठेवा

घरात कोण, किती वाजता, काय बघतं ते आठवडाभर लिहून ठेवा. पॅकमध्ये दोनशे चॅनल असले तरी यादी आठ-दहाच्या पुढे सहसा जात नाही. मग त्या यादीचे तीन भाग पाडा.

मालिका आणि क्रिकेट ॲपवर मिळतात. झी मराठीच्या मालिका झी५ वर, स्टार प्रवाहच्या जिओहॉटस्टारवर, सोनी मराठीच्या सोनी लिव्हवर. बातम्यांना पैसे लागत नाहीत. एबीपी माझा, टीव्ही९ मराठी, झी २४ तास ही चॅनल यूट्यूबवर थेट चालू असतात. उरलं दूरदर्शन. सह्याद्री आणि इतर मोफत चॅनल डीडी फ्री डिश या मोफत छत्रीसेवेवर येतात. प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये आणलेल्या 'वेव्हज' ॲपवरही दूरदर्शनची चॅनल थेट दिसतात.

आता बिल समोर घ्या. दोनशे चॅनलपर्यंतच्या नेटवर्क शुल्काला पूर्वी १३० रुपयांची मर्यादा होती. १८ टक्के जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे. जुलै २०२४ मध्ये ट्रायने ही मर्यादा काढली. या शुल्कावर पैसे देऊन घेतलेल्या चॅनलची किंमत आणि दुसऱ्या टीव्हीचा आकार. हे सगळं बारा महिन्यांचं एका बाजूला मांडा आणि ॲपच्या वर्षाच्या वर्गण्या दुसऱ्या बाजूला. इंटरनेटचं बिल आधीपासूनच भरत असाल तर ते या हिशेबात धरू नका. वर्गणी घेताना एक बघा: फक्त मोबाईलवर चालणारे स्वस्त प्लॅन कॉम्प्युटरवर चालत नाहीत.

यादीत तीन ॲप आणि यूट्यूब एवढंच निघालं तर माझं स्पष्ट मत असं की कॉम्प्युटरच्या भानगडीत पडू नका. टीव्हीत लावायची स्टिक आणा आणि मोकळे व्हा. कॉम्प्युटर कामाला येतो तो लग्नाचे व्हिडिओ, जमवलेले सिनेमे, गाणी असं घरचं भांडार असेल तेव्हा, मोफत चॅनल रेकॉर्ड करायची असतील तेव्हा, किंवा टीव्हीवरच पूर्ण ब्राउझर हवा असेल तेव्हा. ज्यांच्याकडे यातलं काहीतरी आहे त्यांनी पुढे वाचावं.

मशीन कोणतं घ्यायचं

नवंच हवं असेल तर इंटेल एन१०० प्रोसेसरचा मिनी पीसी पुरेसा आहे. प्रोसेसरचं रेटिंग ६ वॅट, आणि एचईव्हीसी, व्हीपी९, एव्ही१ हे तिन्ही व्हिडिओ प्रकार तो हार्डवेअरमध्येच उलगडतो. हार्डवेअरमध्ये उलगडणं महत्त्वाचं. नाहीतर प्रोसेसर सगळा भार अंगावर घेतो, पंखा घोंघावतो आणि चित्र अडखळतं.

पैसे वाचवायचे असतील तर ऑफिसांतून निघालेले छोटे डेस्कटॉप बघा: डेलचा ऑप्टिप्लेक्स मायक्रो, एचपीचा एलिटडेस्क मिनी, लेनोव्होचा थिंकसेंटर टायनी. सेकंडहँड घेताना दुकानदाराला 'आय५ आहे का' असं विचारून भागत नाही, पिढी विचारा. सहाव्या पिढीला १० बिट एचईव्हीसी नीट झेपत नाही, ते सातव्या पिढीपासून जमतं. विंडोज ११ अधिकृतपणे आठव्या पिढीपासून चालतं आणि विंडोज १० चा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. म्हणून आठवी पिढी ही खालची मर्यादा धरा. ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडी पुरते. दुकानातच सुरू करून पंख्याला कान लावा. दुकानात खरखर ऐकू आली तर रात्री हॉलमध्ये ती नक्की जाणवणार.

रोज पाच-सहा तास चालवलं तरी अशा मशीनची वीज महिन्याला तीन-चार युनिटच्या आसपास जाते, त्यामुळे महावितरणच्या बिलाची काळजी नको. पावसाळ्यात लाईट जाते-येते, तेव्हा टीव्ही, राउटर आणि हे मशीन एकाच इन्व्हर्टरच्या पॉइंटवर ठेवा.

जोडणी आणि टीव्हीचं सेटिंग

एचडीएमआय वायर लावली, चित्र आलं, की झालं असं वाटतं. तिथे थांबू नका, कारण चित्र नीट दिसत नाही अशी तक्रार येते ती बहुधा पुढच्या तीन सेटिंगमुळे.

पहिलं, कडा कापल्या जाणं. विंडोजचा खालचा पट्टा अर्धा टीव्हीच्या चौकटीबाहेर गेलेला दिसतो. दोष कॉम्प्युटरचा नसतो. टीव्ही सवयीने चित्र थोडं मोठं करून दाखवतो. टीव्हीच्या मेनूत 'जस्ट स्कॅन', 'स्क्रीन फिट' किंवा अशाच नावाचा पर्याय असतो, तो निवडा. काही टीव्हींत त्या पोर्टचं नाव बदलून 'पीसी' केलं की कडाही जागेवर येतात आणि अक्षरंही स्पष्ट होतात.

दुसरं, काळा रंग राखाडी दिसणं, किंवा उलट, अंधारातलं सगळंच काळंकुट्ट होणं. कॉम्प्युटर रंगांची पूर्ण पट्टी पाठवतो आणि टीव्ही मर्यादित पट्टी धरून बसतो, किंवा उलट. ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये 'फुल' आणि 'लिमिटेड' असे दोन पर्याय असतात. टीव्हीत जे असेल तेच इथे ठेवा.

तिसरं, हालचालीतला हिसका. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा, दूरदर्शन २५ चित्रांचं आणि कॉम्प्युटर ६० हर्ट्झवर. हे आकडे एकमेकांत बसत नाहीत, म्हणून कॅमेरा आडवा फिरतो तेव्हा चित्र झटके खातं. क्रिकेटमध्ये सीमारेषेकडे जाणाऱ्या चेंडूवर नजर ठेवा, लगेच कळेल. कोडी या व्हिडिओ दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये (त्याबद्दल पुढे) 'ॲडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेट' चालू केलं की व्हिडिओप्रमाणे टीव्हीचा वेग आपोआप बदलतो. ब्राउझरमध्ये ही सोय नाही, तिथे हाताने ५० हर्ट्झ करून बघा.

आवाजासाठी साउंडबार एआरसी पोर्टवर, म्हणजे टीव्हीचा आवाज बाहेर नेणाऱ्या एचडीएमआय पोर्टवर, असेल तर एक मर्यादा लक्षात घ्या: साधा एआरसी बहुवाहिनी पीसीएम, म्हणजे आधीच उलगडलेला अनेक स्पीकरचा आवाज, नेत नाही. कोडीत 'पासथ्रू' चालू करा, म्हणजे डॉल्बीचा आवाज न उलगडता साउंडबारपर्यंत जातो.

इंटरनेट शक्यतो वायरनेच द्या. नेटफ्लिक्सच्या सांगण्याप्रमाणे फुल एचडीला ५ आणि ४के ला १५ एमबीपीएस लागतात, त्यामुळे तुमचा चालू प्लॅन बहुधा पुरेल. अडचण करतात त्या वाटेतल्या भिंती.

सॉफ्टवेअर

घरच्या व्हिडिओंसाठी कोडी. मूळचं एक्सबीएमसी, २०१४ मध्ये नाव बदललं. मोफत आहे, आणि दुरूनही वाचता येईल अशा मोठ्या अक्षरांचा मेनू दाखवतं. फाईल एकाच ठिकाणी ठेवून इतर खोल्यांतही बघायच्या असतील तर जोडीला जेलीफिन टाका, तेही मोफत.

ॲपसाठी ब्राउझर. इथे विंडोज की लिनक्स हा प्रश्न येतो. लिनक्स मला स्वतःला आवडतं, तरी कुटुंबाच्या टीव्हीला मी विंडोजच सुचवतो. ओटीटी कंपन्या कॉपी होऊ नये म्हणून कुलूप लावतात आणि लिनक्सच्या ब्राउझरवर काही सेवा मुद्दाम कमी दर्जाचं चित्र पाठवतात. विंडोजवरही नेटफ्लिक्सचं ४के हवं तर क्रोम सोडून एज वापरा, क्रोमवर चित्र फुल एचडीला थांबतं.

प्रत्येक सेवेचा शॉर्टकट डेस्कटॉपवर ठेवा, आयकॉन मोठे करा, वॉलपेपर काळा करा. विंडोजचं अपडेट रात्री नऊच्या मालिकेत डोकावू नये म्हणून 'ॲक्टिव्ह अवर्स' संध्याकाळचे लावा. मशीन सुरू होताना पासवर्ड मागणार नाही अशी सोय करा आणि त्यावर बँकेचं काही उघडू नका.

गच्चीवरची छत्री

हा भाग ऐच्छिक आहे, पण कॉम्प्युटरची खरी मजा इथे आहे. डीडी फ्री डिश २००४ पासून चालू आहे, महिन्याचा रिचार्ज नाही आणि त्यातली एमपीईजी-२ चॅनल कुलूपबंद नसतात. म्हणून उपग्रहाचा सिग्नल घेणारा डीव्हीबी-एस२ ट्यूनर लावला की ती थेट कॉम्प्युटरवर येतात. खाजगी चॅनलच्या जागा लिलावाने ठरतात, त्यामुळे यादी बदलत राहते. एखाद्या चॅनलच्या भरवशावर केबल सोडू नका.

छत्री जीसॅट-१५ उपग्रहाकडे, ९३.५ अंश पूर्वेकडे लावायची. नाशिकहून हा उपग्रह जवळजवळ नेमका आग्नेयेला, उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने साधारण १३४ अंशांवर, आणि क्षितिजापासून ५७-५८ अंश वर येतो. म्हणजे बराच उंच. त्यामुळे शेजारची इमारत सहसा आड येत नाही. आपल्याकडची छत्री ऑफसेट प्रकारची असते, म्हणून ती दिसायला उपग्रहापेक्षा बरीच खाली बघत असल्यासारखी वाटते. तिला आभाळाकडे वाकवत बसू नका. मोबाईलच्या होकायंत्राने दिशा धरा, स्क्रू अर्धवट कसा, खाली एकाला सिग्नलच्या पट्टीसमोर बसवा आणि केसाएवढी-केसाएवढी छत्री हलवा. पट्टी वाढली की दोन सेकंद थांबायचं, कारण आकडा उशिरा बदलतो. गंगापूर धरणाकडून येणाऱ्या जोरदार सरीत चित्र तुटणारच, मात्र सिग्नल सुरुवातीलाच काठावर असेल तर रिमझिमीतही जाईल. कमाल आकडा मिळाल्याशिवाय स्क्रू आवळू नका.

ट्यूनर यूएसबीचाही मिळतो आणि आत बसवायच्या कार्डाचाही. छोट्या मशीनला यूएसबीचाच. एमजी रोडवर नाही मिळाला तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर विचारा किंवा ऑनलाइन मागवा. मात्र घेण्याआधी त्याचा ड्रायव्हर तुमच्या विंडोजला किंवा लिनक्सला आहे ना हे उत्पादकाच्या साईटवर बघा. खालच्या टीव्हीला फ्री डिशचा साधा बॉक्सही चालवायचा असेल तर एका वायरला फाटा फोडू नका, दोन आउटपुटचा एलएनबी (छत्रीसमोरचा सिग्नल पकडणारा डबा) लावा.

मग ट्यूनरबरोबर आलेल्या सॉफ्टवेअरने, किंवा लिनक्सवर टीव्हीहेडएंड या चॅनल-रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरने, उपग्रह निवडून स्कॅन करा. टीव्हीहेडएंड कोडीला जोडलं की चॅनल, कार्यक्रमपत्रिका आणि रेकॉर्डिंगचं बटण एकाच मेनूत येतं. साध्या चॅनलचं तासाभराचं रेकॉर्डिंग साधारण एक जीबी जागा घेतं. चित्रात दात्यांसारख्या आडव्या रेघा दिसल्या तर 'डीइंटरलेस' चालू करा.

रिमोट

हीच खरी परीक्षा. वायरलेस कीबोर्ड-माऊस सोफ्यावर चालत नाही. टचपॅड असलेला छोटा कीबोर्ड तुमच्यासाठी ठेवा, आणि घरातल्यांसाठी हातात धरून हलवायचा एअर माऊस घ्या. टीव्हीच्याच रिमोटने सगळं चालावं अशी अपेक्षा ठेवू नका, कारण त्यासाठी लागणारी सीईसी सोय (एचडीएमआयच्या वायरीतूनच रिमोटचा हुकूम पोचवणारी) बहुतेक पीसींना नसते. रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरला ती असते. फोनवर कोडीचं 'कोरे' ॲप टाकलं तर फोनही रिमोट होतो.

आजी-आजोबांना 'ब्राउझर' शिकवू नका. कागदावर तीन ओळी लिहून रिमोटच्या मागे चिकटवा: टीव्ही चालू, मोठं बटण, मालिकेचं चित्र. तरीही नाहीच जमलं तर त्यांच्या खोलीत फ्री डिशचा साधा बॉक्स ठेवा. त्यात कमीपणा काही नाही.

बॉक्स परत करताना

पहिला महिना केबल आणि कॉम्प्युटर दोन्ही चालू ठेवा. सण, पाहुणे, एखादी मोठी मॅच यांतून नवी व्यवस्था तरली की मगच केबल बंद करा. नाशिकमध्ये बऱ्याच ठिकाणी केबल आणि इंटरनेट एकाच माणसाकडून येतं, आणि 'केबल सोडली तर नेटचा दर बदलेल' असं ऐकायला मिळतं. आधी नेटचा स्वतंत्र दर लेखी घ्या. बॉक्स भाड्याचा होता, अनामत देऊन घेतलेला की विकत, हे जुन्या पावतीवर सापडेल. विकत घेतलेला असेल तर परत करायचं कारण नाही. अनामत असेल तर बंद करण्याचा अर्ज लेखी द्या किंवा व्हॉट्सॲपवर पाठवा, आणि बॉक्स, रिमोट, ॲडॅप्टर एकत्र देऊन पोचपावती घ्या. पावतीवर बॉक्सचा क्रमांक आणि स्मार्ट कार्डचा क्रमांक दोन्ही लिहून घ्या.