डेटाबेस जोडला जात नाही? आधी एरर नीट वाचा

साइट बंद पडली की लोक आधी सर्व्हर रीस्टार्ट करतात. मी लॉग (सर्व्हरच्या नोंदींची फाइल) उघडतो, कारण निम्मं उत्तर तिथेच असतं.

‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणजे मशीनपर्यंत पोचलात, पण त्या पोर्टवर (मशीनच्या त्या क्रमांकाच्या दारावर) कोणी ऐकत नाहीये. डेटाबेस सुरू आहे का, पोर्ट बरोबर आहे का (मायएसक्यूएल डेटाबेसचा 3306, पोस्टग्रेसचा 5432), एवढं बघा. नुसता ‘टाइमआउट’ आला तर माझा पहिला संशय फायरवॉलवर. ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ आला तर उलट बरंच, नेटवर्क ठीक आहे; युजर आणि पासवर्ड तपासा. पासवर्डमध्ये @ असेल आणि तो कनेक्शन यूआरएलमध्ये जात असेल, तर तिथे %40 लिहावं लागतं.

लोकलहोस्टने, म्हणजे ‘हेच मशीन’ असं सांगणाऱ्या नावाने, भल्याभल्यांना फसवलंय. लिनक्सवर मायएसक्यूएलचा क्लायंट ‘लोकलहोस्ट’ दिसला की टीसीपी (नेटवर्कची नेहमीची वाट) सोडून सॉकेट फाइल (त्याच मशीनवर जोडणारी खास फाइल) शोधतो, 127.0.0.1 लिहिलं की पोर्टवरून जातो. अ‍ॅप डॉकरमध्ये (प्रोग्रॅम कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यात चालवणारं साधन) असेल तर लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर स्वतःच. तिथे डेटाबेसच्या सर्व्हिसचं नाव द्या.

सकाळी चालतं आणि गर्दी झाली की ‘टू मेनी कनेक्शन्स’? मायएसक्यूएलची मूळ मर्यादा 151, पोस्टग्रेसची 100. ती वाढवायची घाई नको. मायएसक्यूएलमध्ये ‘शो प्रोसेसलिस्ट’ ही कमांड चालवा, उघडी कनेक्शन्स दिसतील. ‘स्लीप’च्या (रिकाम्या बसलेल्या कनेक्शन्सच्या) ओळींची रांग लागली असेल तर बहुधा कोड कनेक्शन उघडतोय आणि परत करत नाहीये. एरर आल्यावर कोड ज्या वाटेने जातो, तिथे कनेक्शन क्लोज करायचं राहून गेलंय का, ते आधी शोधा.