पन्हाळा ते पावनखिंड : पहिल्यांदा मोहिमेला येताय तर हे वाचा

जून संपत आला की ओळखीची पोरं विचारायला लागतात, दादा यंदा पन्हाळा ते पावनखिंड चालत जायची मोहीम कधी, काय काय घ्यायचं, जमेल का आम्हाला. म्हणून एकदाच सगळं लिहितोय.

आधी तारखेचं. शिवाजी महाराज पन्हाळ्याचा वेढा फोडून निघाले ती 12 जुलै 1660 ची रात्र, आषाढ पौर्णिमा, आणि खिंडीतली लढाई दुसऱ्या दिवशी, 13 ला. काही ग्रुप तारखेनं निघतात, काही तिथीनं, काही जवळचा शनिवार-रविवार धरतात, त्यामुळं कुणाबरोबर जाणार ते ठरवा आणि मगच रजा टाका. कोल्हापुरातून पन्हाळा वीसेक किलोमीटर, एसटी आहे, पण सकाळी लवकर पोचायचं असतंय म्हणून आदल्या रात्रीच वर मुक्काम केला तर बरं.

चालायचं अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास, दोन दिवसात. ऐकायला काय वाटत नाही, पण पाऊस आणि चिखल धरून चाला, म्हणून महिनाभर आधीपासून रोज तास-दीड तास तरी चालायची सवय ठेवा.

बूट नवे घालू नका हो! माझ्या पहिल्या मोहिमेला मी आठवड्यापूर्वी घेतलेले बूट घालून आलो, मसाई पठार उतरेपर्यंत उजव्या बुटाचा तळवा उघडून लोंबायला लागला, तो सुतळीनं बांधून कुंभारवाडीपर्यंत आलो. जुने, पायात बसलेले, खालून खाचा असलेले बूट घ्या. मोज्यांचे तीन जोड. जीन्स अजिबात नको, भिजली की जड होते आणि मांड्या सोलून निघतात. छत्री पठारावर टिकत नाही, वाराच तसा आहे, रेनकोट नाहीतर सरळ प्लास्टिकचा कागद. सॅकच्या आत सगळं परत पिशवीत बांधून. जळवा लागतात, घाबरून ओढू नका, मिठाची पुरचुंडी लावा, आपोआप सुटतात.

निघताना गडावर बाजीप्रभूंच्या पुतळ्याला हार घालतात, आणि शिवा काशीद यांना नमस्कार केल्याशिवाय पुढं जाऊ नका, त्यांनी महाराजांचा वेश घेऊन पालखीत बसून मरण पत्करलं. मग राजदिंडी या गडाच्या वाटेनं खाली, म्हाळुंगे, आणि तिथून मसाई पठार. पठारावर धुकं आलं की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही, पुढच्याची सॅक नजरेआड होऊ देऊ नका, हाक मारत राहा.

पुढं कुंभारवाडी, खोतवाडी अशा वाड्या लागतात, मुक्काम बहुतेक करपेवाडी नाहीतर आंबेवाडीच्या बाजूला. सगळीकडं रोपलावण चालू असते, बायका गुडघाभर चिखलात वाकलेल्या, डोक्यावर इरलं. त्यांच्या बांधावरून एका रांगेत चाला, बांध फुटला तर पाणी जातं आणि त्या घराचं वर्षाचं भात जातं. घरात बोलावून कुणी गरम भाकरी आणि पिठलं दिलं तर जेवा, पण पैसे किंवा शिधा देऊन निघा.

दुसऱ्या दिवशी पांढरपाणी गावापुढं खिंड. आधीचं नाव घोडखिंड. सिद्दी मसूदची फौज मागं, बाजीप्रभू, त्यांचे भाऊ फुलाजी आणि बांदल देशमुखांचे मावळे आडवे, महाराज विशाळगडाकडं, तिथं महाराज पोचल्याच्या इशारतीच्या तोफा होईपर्यंत या मावळ्यांनी वाट सोडली नाही. आपण बाजींचं नाव घेतो, बांदलांचं राहून जातं, तेही मोठ्यानं घ्या. खाली उतरायची लोखंडी शिडी पावसात गुळगुळीत असते, एकावेळी एकच माणूस, तोंड शिडीकडं. वरून ओढ्याचं पाणी वाढलेलं दिसलं तर उतरायचंच नाही, वरूनच फुलं वाहायची.

परतीची गाडी पांढरपाण्याला आधीच सांगून ठेवा, आणि गाडीत कोरडे कपडे असूद्या.